वाचकांचे प्रश्न : मध आंबतो तेव्हा

मागील अंकात एका उत्तराच्या ओघात मीड या पेयाचा, म्हणजे मधात पाणी मिसळून आणि ते आंबवून तयार होणाऱ्या मद्याचा, चार ओळींत उल्लेख झाला होता. त्यावर एवढी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : गेल्या महिन्यात आम्ही उभयता प्रथमच मीड चाखले. मधाचे पेय म्हणजे गोड असणार, अशा समजुतीने घोट घेतला, तर ते कोरडे आणि किंचित आंबट लागले. मधाचा वास मात्र येत होता. यात खरोखर मध असतो, की केवळ वास घातलेला असतो? (एक वाचिका, गंगापूर रोड)

उत्तर : मध असतो, आणि भरपूर असतो, फक्त तो आपल्या आधी यीस्टने खाल्लेला असतो. मधात सुमारे ८० टक्के साखर असते, तीही मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज या साध्या रूपात, आणि पाणी १७-१८ टक्केच असते. इतक्या दाट पाकात यीस्टला पाणीच मिळत नाही, म्हणून चांगला पिकलेला मध वर्षानुवर्षे टिकतो. त्यात पुरेसे पाणी घातले की यीस्टला जगता येते आणि ते साखर खाऊन तिचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करू लागते. सगळी साखर संपेपर्यंत हे काम चालू राहिले, तर गोडी उरत नाही. द्राक्षाचा रस गोड असूनही त्याची वाइन कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली, असू शकते, याचे नाशिककरांना नवल वाटत नाही. मधाच्या बाबतीत मात्र आपली जीभ गोडीची वाट पाहत असते, म्हणून फसवणूक झाल्यासारखे वाटते.

साखर गेल्यावर जे उरते, ते फुलाचे असते. मधमाशीने ज्या झाडांवरून मकरंद गोळा केला, त्यांचा गंध आणि त्यांचा तुरटपणा साखरेखाली दबलेला असतो, आणि साखर निघून गेल्यावर तो उघडा पडतो. याचा अनुभव घरी घेण्यासाठी मद्याची गरजही नाही. जांभळाचा मध आणि बाजारातला नेहमीचा फिकट मध, असे दोन मध दोन पेल्यांत चमचा-चमचा घेऊन प्रत्येकात साधारण अर्धा पेला कोमट पाणी घालावे, नीट ढवळावे, आणि पिण्याआधी पेल्यावर हात झाकून थोडा वेळ थांबून मग वास घ्यावा. जांभळाच्या पेल्यातून ओल्या सालीसारखा गडद वास येतो आणि घोट गिळल्यानंतर जिभेच्या मागच्या बाजूला हलकी कडवट चव रेंगाळते. दुसऱ्या पेल्यात ती नसते. मी अनेकांना आधी हे करायला सांगतो, कारण ज्याला हा फरक एकदा कळला, त्याला कोरडे मीड पुन्हा फिके वाटत नाही.

चाखताना ते फार गार नसावे. बर्फासारख्या थंड पेयाला वास राहत नाही. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवलेले बरे. आपल्याला गोडसर मीड हवे असेल तर तसे विचारून घ्यावे. काही मीडमध्ये आंबण्याची क्रिया संपल्यावर वरून पुन्हा मध घालतात, काहींमध्ये मध इतका जास्त घेतात की अल्कोहोल वाढून यीस्ट थकते आणि साखर शिल्लक राहते. पोलंडमध्ये तर मध आणि पाण्याच्या प्रमाणावरून प्रकारांची नावेच ठरलेली आहेत : एका भागाला अर्धा भाग पाणी असलेले ‘पूउतोराक’, समसमान असलेले ‘द्वुयन्याक’, दोन भाग पाण्याचे ‘त्रुयन्याक’ आणि तीन भागांचे ‘च्वुर्न्याक’. यांतले पहिले इतके दाट असते की ते मुरायला वर्षे लागतात आणि ते लहानशा पेल्यातून हळूहळू प्यायचे असते.

प्रश्न : ‘मीड’ आणि आपला ‘मधु’ हे शब्द एकच आहेत, असे ऐकले. मग वेदकाळात आपल्याकडे हेच पेय पीत असत, असे म्हणता येईल का? (एक निवृत्त संस्कृत शिक्षक, पंचवटी)

उत्तर : शब्दांचे नाते पक्के आहे. संस्कृत ‘मधु’, ग्रीक ‘मेथु’, रशियन ‘म्योद’, लिथुआनियन ‘मेदुस’ आणि इंग्रजी ‘मीड’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत, आणि त्यांचे अर्थ कुठे मध, कुठे मद्य, तर कुठे दोन्ही असे फिरत राहिले आहेत. आपला मराठी ‘मध’ त्याच घराण्यातला. पंचामृताच्या वेळी मधाची वाटी हातात घेऊन आपण ‘मधु वाता ऋतायते’ म्हणतो, तेव्हा ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातली ऋचा म्हणत असतो, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही.

परंतु शब्दावरून पेय सिद्ध होत नाही, आणि येथे मी सावध राहू इच्छितो. वेदांतला ‘मधु’ कधी मध असतो, कधी नुसती गोडी, कधी दूध आणि कधी सोम. प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ आंबवलेले मधपाणी असा करणे हा ग्रंथावर अन्याय होईल. पुढे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात तर द्राक्षांच्या रसापासून केलेल्या मद्यालाच ‘मधु’ म्हटले आहे. म्हणजे आज नाशिकच्या परिसरात जे तयार होते, त्याला जुन्या परिभाषेत ‘मधु’ म्हणणे चुकीचे ठरणार नाही. आणि मोहाचे संस्कृत नाव ‘मधूक’ आहे, हेही लक्षात घ्यावे. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर चैत्रात मोहाची फुले वेचली जातात, तेव्हा त्या फुलांच्या गोडीतही हाच शब्द असतो.

मधाच्या पेयाचा सर्वांत जुना रासायनिक पुरावा मात्र चीनमधला आहे. हनान प्रांतातील जियाहू येथे सापडलेल्या मातीच्या भांड्यांच्या आतल्या थरात तांदूळ, मध आणि फळ यांच्या आंबवलेल्या मिश्रणाचे अंश मिळाले. ही भांडी सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची आहेत. पॅट्रिक मॅकगव्हर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध केले. ते शुद्ध मीड नव्हते, मिश्र पेय होते. पण मध कुठेही पावसाच्या पाण्यात भिजला की आपोआप आंबतो, त्यामुळे हे पेय एकाच ठिकाणी शोधले गेले असेल, असे मानण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझे आजोबा वैद्य होते आणि घरी आसवे-अरिष्टे करीत. कोठीच्या कोपऱ्यात मोठ्या बरण्या असत आणि ते अधूनमधून त्यांना कान लावून बसत. ते काय ऐकत होते? आणि मीड म्हणजे मधाचे आसवच नव्हे का? (एक वाचक, त्र्यंबकेश्वर)

उत्तर : आपल्या पत्राने मला फार आनंद झाला. आजोबा कार्बन डायऑक्साइड ऐकत होते. आंबणाऱ्या द्रवातून वायूचे बुडबुडे वर येऊन फुटतात, त्याचा बरणीत बारीक सळसळाट होतो. दूर कुठेतरी पाऊस पडत असावा, तसा. तो आवाज थांबला की संधान, म्हणजे आंबण्याची क्रिया, पूर्ण होत आले, असे समजत. दुसरी परीक्षाही त्यांनी केली असेल : झाकण उघडून पेटलेली काडी आत धरायची. ती विझली तर आत अजून वायू तयार होत आहे, जळत राहिली तर काम संपले. आज वाइनरीत आम्ही द्रवाची घनता आणि त्यातली साखर पाहण्यासाठी हायड्रोमीटर आणि रिफ्रॅक्टोमीटर वापरतो, पण ते मोजतात तीच गोष्ट आपल्या आजोबांचा कान मोजत होता.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी ‘होय’ असे आहे. आसव आणि अरिष्ट या दोन्हींत औषधी द्रव्यांबरोबर गूळ किंवा मध घालून ते तुपाने माखलेल्या भांड्यात बंद करून ठेवतात. काढा करून घातला तर अरिष्ट, काढ्याशिवाय केले तर आसव. चरकसंहितेत प्रमेहावर सांगितलेले मध्वासव तर नावानेच मधाचे आहे. या औषधांत बाहेरून अल्कोहोल घालत नाहीत, ते आतल्या आत तयार होते. यात धायटीच्या फुलांचे काम महत्त्वाचे. धायटीचे झुडूप आपल्या सह्याद्रीच्या उतारांवर भरपूर येते, हिवाळ्याच्या शेवटी त्याला लालभडक फुले लागतात, आणि त्या फुलांच्या मकरंदावर रानटी यीस्ट नांदत असते. वैद्याने वाळवलेली फुले बरणीत टाकली की विरजण लावल्यासारखे होते. फुलांतला तुरटपणाही उपयोगी पडतो, कारण मधात तुरटपणा देणारे टॅनिन जवळजवळ नसते आणि त्याशिवाय पेय पोकळ लागते. इथिओपियात ‘तेज’ नावाचे मधाचे मद्य करतात, त्यात ‘गेशो’ या झुडपाची पाने आणि काड्या घालतात; त्यांची कडवट चव मधाच्या गोडीला तोल देते. दोन दूरच्या देशांत दोन वेगळ्या झुडपांकडून लोकांनी मधासाठी मदत घेतली, हे मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे.

फरक हेतूचा आहे. आसव हे औषध आहे आणि ते मात्रेने, वैद्याच्या सांगण्यावरून घ्यायचे असते. मीड हे जेवणाबरोबर किंवा गप्पांबरोबर प्यायचे मद्य आहे. दोन्हींच्या नावांची सरमिसळ करून मद्याला औषध म्हणू नये.

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याने आणि सूनबाईंनी घरी मीड करायला घेतले आहे, पण दोन महिने झाले तरी ते गढूळच आहे आणि मध्यंतरी त्याला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. काय चुकले असेल? आणि हेच आपल्याकडे नाशिकला घरी करता येईल का? (एक वाचिका, इंदिरानगर)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते स्पष्ट आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी कोणतेही मद्य तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे, मग ते स्वतःसाठी असो, चार लिटर असो की एक बाटली. त्यामुळे पुढची माहिती आपण मुलाला फोनवर सांगावी, येथे करून पाहू नये. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार घरच्या वापरासाठी एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन वाइन करण्याची मुभा आहे, आणि मीड त्यातच मोडते. विकायला मात्र तेथेही परवाना लागतो.

आता अंड्याचा वास. मधाचे सगळ्यांत मोठे वैगुण्य असे की त्यात साखर रग्गड आणि नत्र जवळजवळ शून्य असते. यीस्टला साखर म्हणजे इंधन, पण स्वतःचे शरीर वाढवायला त्याला नत्र लागते. द्राक्षाच्या रसात ते बऱ्यापैकी असते, म्हणून आमच्या टाक्यांमध्ये रस दहा-पंधरा दिवसांत आंबून मोकळा होतो. मधपाण्यात यीस्ट उपाशी राहते, कण्हत-कुथत काम करते आणि त्या ताणात हायड्रोजन सल्फाइड सोडते. तोच तो वास. उपाय म्हणजे यीस्टचे पोषक द्रव्य, जे तिकडे घरगुती वाइनच्या सामानाच्या दुकानात भुकटीच्या रूपात मिळते. ते एकदम न घालता पहिल्या तीन-चार दिवसांत थोडे थोडे द्यावे, म्हणजे लेकराला भरवतात तसे. बरेच जण त्याऐवजी मूठभर मनुका घालतात. त्याने चव येते, पण नत्राची भूक त्यातून भागत नाही.

येथे एक इशारा द्यायला हवा. आंबत असलेल्या द्रवात वायू विरघळलेला असतो. त्यात कोरडी भुकटी टाकली की सगळा वायू एकदम सुटतो आणि फेस भांड्याच्या तोंडातून ओट्यावर, तेथून खाली पायरीपायरीने उतरतो. मी उमेदवारीच्या काळात एका वाइनरीत हे केले आहे. टाकीच्या झाकणातून उसळलेला फेस माझ्या बाह्यांपर्यंत आला आणि दुसऱ्या दिवशीही त्या कपड्यांवर माश्या बसत होत्या. आधी द्रव हळूहळू ढवळून वायू काढावा, भुकटी थोड्या पाण्यात कालवावी आणि मग ओतावी.

प्रमाणाचे म्हणाल, तर एक किलो मध घेऊन त्यात पाणी मिळवून एकूण चार लिटर करावे. याचे अल्कोहोल साधारण १० ते ११ टक्के होते, म्हणजे हलक्या वाइनएवढे. मध उकळू नये. जुन्या पाककृतींमध्ये मधपाणी उकळून वरचा फेस काढायला सांगितलेले असते, पण त्या वाफेबरोबर फुलाचा सगळा वास स्वयंपाकघरात जातो आणि भांड्यात नुसती गोडी राहते. पाणी कोमट करून त्यात मध विरघळवला तरी पुरते. भांडी, नळी, चमचा, जे जे द्रवाला लागणार ते सगळे निर्जंतुक केलेले असावे; या कामातला निम्मा वेळ धुण्यात जातो आणि तो गेलाच पाहिजे. यीस्ट वाइनचे घ्यावे, पावाचे नव्हे. बुधल्याच्या तोंडाला एअरलॉक लावावा, म्हणजे वायू बाहेर जाईल आणि हवा आत येणार नाही. खोलीचे तापमान १८ ते २२ अंशांच्या आसपास असेल तर उत्तम. जास्त उष्णतेत आंबलेल्या मीडला घशात जळजळणारी तिखट चव येते, जी जायला वर्ष लागते.

आणि गढूळपणाची काळजी मुळीच करू नये. दोन महिने म्हणजे काहीच नव्हे. मेलेले यीस्ट तळाशी साका होऊन बसते. तो न हलवता वरचा भाग नळीने दुसऱ्या स्वच्छ बुधल्यात ओढून घ्यायचा, भांडे काठोकाठ भरायचे आणि पुन्हा थांबायचे. बुधल्यामागे छापील कागद धरला असता अक्षरे वाचता आली की ते नितळले. मग हायड्रोमीटरने घनता पाहावी, दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावी, आणि आकडा तोच असेल तरच बाटलीत भरावे. साखर शिल्लक असताना आणि यीस्ट जिवंत असताना बूच घट्ट लावले, तर बाटली फुटते आणि काचेचे तुकडे खोलीभर उडतात. मुलाला ही एक गोष्ट अवश्य बजावून सांगावी.

प्रश्न : आमच्या भागात आग्या मोहोळाचा रानमध मिळतो. तो मीडसाठी विकता येईल का? पावसाळ्यात काढलेला मध कधी कधी डब्यातच फसफसतो, तो खराब समजावा का? (एक मधसंकलक, सुरगाणा तालुका)

उत्तर : आपण ज्याला फसफसणे म्हणता, ते मीड होण्याचा पहिला दिवस आहे. मधमाश्या पंखांनी वारा घालून मकरंदातले पाणी उडवतात आणि मध पिकला की पोळ्यातल्या त्या घरावर मेणाची टोपी चढवतात. टोपी चढण्याआधी काढलेला किंवा पावसाळी हवेत उघडा राहिलेला मध ओलसर असतो. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा मानकांनुसार मधात पाणी २० टक्क्यांच्या वर नसावे. त्याच्या पुढे गेले की मधातच असलेले रानटी यीस्ट जागे होते, डब्याचे झाकण फुगते आणि उघडताच आंबूस वास येतो. असा मध खाण्याचा म्हणून विकता येणार नाही. मीडसाठीही तो चांगला नाही, कारण त्यात कोणते जंतू वाढले, यावर कुणाचा ताबा राहिलेला नसतो. परवानाधारक उत्पादकाला हवा असतो तो पिकलेला, ओलावा मोजलेला आणि कुठल्या हंगामात, कुठल्या रानातून आणला याची नोंद असलेला मध. रिफ्रॅक्टोमीटर हे खिशात मावणारे साधन आहे आणि थेंबभर मधावर ते ओलावा दाखवते. चार-पाच संकलकांनी मिळून एक घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

पोळे पिळून काढलेल्या रानमधात परागकण बरेच असतात, आणि मघाशी सांगितलेली नत्राची भूक ते थोडी भागवतात, हा त्याचा गुण. मात्र अळ्यांसकट पोळे पिळलेला मध कुणी घेऊ नये. त्याने पेयाला घाण वास लागतो, आणि वसाहतही मरते. मधाचा भाग तेवढा कापून अळ्यांचा भाग झाडावर राहू दिला, तर माश्या टिकून राहण्याची आशा असते. सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्यांना यंत्राने मध काढता येतो आणि पोळे पुन्हा वापरता येते. महाबळेश्वरच्या मधपाळांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे, आणि त्याच परिसरातले मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले.

कारवीच्या मधाविषयीही आपण पत्रात विचारले आहे. कारवीचे झुडूप सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, त्यामुळे तिचा मध ज्या वर्षी मिळेल त्या वर्षी तो वेगळा ठेवावा, दुसऱ्यात मिसळू नये. हा मध इतका निराळा आहे की भारतीय मानकांत साखरेच्या प्रमाणासाठी त्याला स्वतंत्र मर्यादा दिलेली आहे.

प्रश्न : कांद्याच्या डोंगळ्यांसाठी, म्हणजे बियाण्यासाठी फुलू दिलेल्या कांद्यांसाठी, आम्ही मधपेट्या भाड्याने आणतो. त्या मधाचे मीड होईल का? (एक शेतकरी, चांदवड)

उत्तर : होईल, पण ताज्या कांदामधाला उग्र वास असतो. तो काही महिन्यांत मवाळ होतो. मी तो दुसऱ्या मधात थोडाच मिसळला असता. पेट्या शेतात असताना फवारणी संध्याकाळी उशिरा, माश्या पेटीत परतल्यावर करावी. त्या वाचल्या तरच बी भरेल आणि मधही मिळेल.

प्रश्न : नाशिकची द्राक्षे आणि मध एकत्र आंबवता येतील का? आणि मीड नाशिकमध्ये कोणी तयार करते का? (दोन वाचक, दिंडोरी आणि सिडको)

उत्तर : द्राक्षे आणि मध यांच्या एकत्रित मद्याला ‘पायमेंट’ असे जुने नाव आहे. इतर फळे घातली तर ‘मेलोमेल’, सफरचंदाचा रस असेल तर ‘सायसर’, मसाले किंवा वनस्पती घातल्या तर ‘मेथेग्लिन’. यांतले पायमेंट ही नाशिकची स्वाभाविक वस्तू आहे, असे माझे ठाम मत आहे. द्राक्षात आम्लता, टॅनिन आणि नत्र असते, मधात वास आणि अंग, म्हणजे भरीवपणा, असते. एकाकडे जे नाही ते दुसऱ्याकडे आहे. काही वर्षांपूर्वी मी शेना ब्लां या पांढऱ्या द्राक्षाच्या मद्यात मध घातलेला एक नमुना चाखला होता. पहिल्या घोटाला तो नेहमीच्या वाइनसारखा वाटला. पेला हातात ऊब धरू लागला, तसा त्यातून मेणाचा आणि सुकलेल्या झेंडूचा वास वर आला. तो दिवस मी विसरलेलो नाही.

नाशिकमध्ये सेराना मीड्स ही मीड तयार करणारी कंपनी योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे यांनी सुरू केली; सातेरी माशीच्या शास्त्रीय नावातला ‘सेराना’ हा शब्द त्यांनी कंपनीच्या नावात घेतला आहे. पुण्यात मूनशाइन मीडरी २०१८ पासून बाजारात आहे. दोन्हींची मीड बहुतेक हलकी आणि बुडबुड्यांची असतात, म्हणून प्रथम चाखणाऱ्याला ती सोपी जातात. झणझणीत मिसळीनंतर थोडे गोडसर आणि फेसाळ मीड जिभेला थंडावा देते. कोरडे मीड मात्र तिखटाबरोबर कडवट लागते, ते सुरळीच्या वड्या किंवा पनीर यांच्याबरोबर घ्यावे. महाराष्ट्रात वाइन आणि सौम्य बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे.

प्रश्न : मधाचे असल्यामुळे मीड मधुमेहींना चालते, असे एका समारंभात सांगण्यात आले. ते खरे आहे का? (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : नाही. गोड मीडमध्ये साखर असते, कोरड्यात ती कमी असली तरी अल्कोहोल असते, आणि मधुमेहाच्या काही औषधांबरोबर अल्कोहोल घेतल्यास रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मध आंबल्यावर त्याचे औषधी गुण तसेच राहतात, असे मानू नये. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक पेलाही घेऊ नये.

प्रश्न : ग्लासभर पाण्यात मध टाकून तो तळाशी जातो का, किंवा मधात बुडवलेली काडी पेटते का, यावरून शुद्धता ठरते का? आणि घरातला मध रवाळ झाला, तो भेसळीचा आहे का? (एक वाचिका, देवळाली कॅम्प)

उत्तर : या दोन्ही परीक्षांनी मध दाट आहे की पातळ, एवढेच कळते, साखरेचा दाट पाकही तळाशी जातो. आज भेसळ तांदूळ किंवा मका यांच्यापासून केलेल्या अशा पाकांनी होते की साध्या प्रयोगशाळेलाही ती सहज सापडत नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने डिसेंबर २०२० मध्ये याविषयी तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा न्यूक्लियर मॅग्नेटिक रेझोनन्स ही महागडी चाचणी चर्चेत आली. ओळखीच्या मधपाळाकडून, हंगाम आणि फुलोरा विचारून मध घेणे, हा घरच्या ग्राहकासाठी मला माहीत असलेला सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

रवाळ होणे मात्र दोष नव्हे. मधातले ग्लुकोज थंडीत स्फटिक होऊन बसते. ज्या फुलाच्या मधात ते जास्त, तो मध लवकर गोठतो. डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत हे व्हायचेच. बरणी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून, पाणी गार झाले की बदलत, तो सावकाश पातळ करावा. मीड करणारे उत्पादक रवाळ मध आनंदाने घेतात, कारण पाण्यात गेल्यावर स्फटिक विरघळतातच. फक्त एक पाहावे : वर पातळ आणि खाली रवाळ असे दोन थर झाले असतील, तर वरच्या थरात पाणी जास्त असते आणि आंबायला सुरुवात तेथूनच होते. तशी बरणी आधी संपवावी.